गल्ला वेगळा, घर वेगळं: घरगुती फराळ-मसाल्याच्या धंद्याचा हिशेब

दिवाळी उरकली की हिशेबाची पिशवी घेऊन नवी मंडळी यायला लागतात. कोणी पंधरा दिवसांत दीड लाखाचा फराळ विकलेला असतो, कोणी उन्हाळ्यात मसाले कुटून दिलेले असतात. पहिला प्रश्न ठरलेला: "आता मला जीएसटी लागणार का?" मी उलटा प्रश्न टाकतो, "चकलीच्या किलोमागे तुम्हाला सुटले किती?" मग जरा वेळ कोणी बोलत नाही.

कराचे नियम छापलेले आहेत, ते कोणीही वाचून सांगेल. तुमच्या किलोचा हिशेब मात्र तुमच्याशिवाय दुसरा कोणी लिहू शकत नाही. म्हणून या लेखात मी कराकडे थोडा उशिरा येणार आहे. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे, चकली-लाडू-मसाले करून विकणाऱ्या घरगुती उद्योगाचं. शिवणकाम किंवा साबण-मेणबत्त्या करणाऱ्यांनी आकडे बदलून घ्यावेत.

पहिली पायरी: पैशाला स्वतःचं घर द्या

धंद्याचं बँक खातं वेगळं उघडा. आज, या आठवड्यात. धंद्याच्या नावाने चालू खातं उघडायला बँक व्यवसायाचे पुरावे मागते, म्हणून आधी दोन कागद करून घ्या.

पहिला, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ही सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते आणि पूर्णपणे फुकट आहे. शोधायला गेलात तर सरकारी वाटाव्यात अशा खासगी साइट आधी दिसतात आणि हजार-दोन हजार मागतात. पैसे मागितले की समजा, चुकीच्या दारात आलात. दुसरा, एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी. घरच्या ओट्यावर केलेला पदार्थ विकायचा असेल तरी ती लागते आणि तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. दुकान किंवा गाळा असेल तर गुमास्ताही (दुकानाच्या नोंदणीचा दाखला) आहेच. मात्र महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा दहाची होती) तर ऑनलाइन सूचना देऊन भागतं.

खातं झालं की क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा. हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी बायको चकल्या करते आणि क्यूआर नवऱ्याच्या पगाराच्या खात्याचा असतो. मग वर्षभराची विक्री नवऱ्याच्या पॅनखाली दिसते, धंदा बायकोच्या नावावर, आणि खुलासा करताना दोघांची तारांबळ. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या, तेव्हा बंगळुरात दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा चिठ्ठ्या लागल्या होत्या. त्याची धास्ती आपल्याकडेही पसरली. पण यूपीआयवर कर नसतो, विक्रीवर असतो. ती रोखीने आली तरी विक्रीच. चुलतभावाने पाठवलेले पाच हजार आणि गिऱ्हाइकाचे पाच हजार एकाच खात्यात पडले, तर वेगळे कोणते हे सिद्ध करण्याची पाळी तुमच्यावर येते.

मग रोजमेळ. वही चालेल, मोबाइलमधलं अॅप चालेल, एक्सेल चालेल. रोज रात्री चारच गोष्टी: आज रोख किती आली, खात्यात किती आली, खर्च काय झाला, उधारी कोणाकडे राहिली. दहा मिनिटांचं काम आहे. आठवड्याचं एकदम लिहू म्हणाल तर लिहिलं जात नाही, हे मी अनेकांचं बघितलं आहे.

आणि गल्ल्यातून भाजी आणायची नाही. महिन्याच्या एक तारखेला धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात ठरावीक रक्कम टाका, आठ हजार, बारा हजार, जी झेपेल ती. त्या रकमेत घर चालवा. तीन महिन्यांत कळतं की धंदा घर चालवतोय की घर धंद्याला पोसतंय. दुसरा प्रकार ऐकायला नवलाचा वाटेल, पण तो बराच दिसतो.

दुसरी पायरी: एका किलोचा हिशेब

समजा, भाजणीची चकली. खाली घेतलेले भाव फक्त उदाहरणाला आहेत; तुमच्या गावचे आणि आजचे घाला.

एक किलो चकलीला भाजणी, दळण, तीळ-मसाला मिळून ७५ रुपये. मुरलेलं तेल ५० आणि शेवटी टाकून द्यावं लागणारं तेल १५. गॅस २०. पाकीट-लेबल १८. मदतीला येणाऱ्या मावशींची मजुरी ६० (दिवसाला ६०० रुपये, दहा किलो चकली). बेरीज २३८. दुकानदार तुमच्याकडून ३२० ने उचलतो. म्हणजे किलोमागे ८२ सुटले, असं सगळे सांगतात.

आता राहिलेलं लिहू. भाजणी भाजायला, तळणीसमोर उभं राहायला, पाकिटं पोचवायला तुम्ही आहातच. तुमची मजुरी किलोमागे ४० धरा. "माझी कसली मजुरी, घरचंच काम" असं म्हणू नका. उद्या तुम्ही आजारी पडलात तर ते काम पैसे देऊनच करून घ्यावं लागेल. चकली मोडते, काही पाकिटं परत येतात. ३२० वर पाच टक्के धरले तर १६. ८२ मधून ५६ गेले, उरले २६.

किलोमागे २६ हा तुमचा खरा आकडा. तो वाईट नाही. पण तो ८२ समजून भाव कमी करणारी माणसं सहा महिन्यांनी "विक्री एवढी वाढली, पैसा कुठे जातो कळत नाही" म्हणत येतात. विक्री वाढते तसा तोटाही वाढतो, कारण पन्नास किलोच्या ऑर्डरीवर किलोमागे तीस रुपयांची सूट देऊन बसलेले असतात.

हाच हिशेब प्रत्येक पदार्थाचा करा. बहुतेक वेळा असं निघतं की ज्या पदार्थामुळे नाव झालं तो फारसं देत नाही, आणि कोपऱ्यात पडलेला मेतकूट किंवा गोडा मसाला किलोमागे दुप्पट देतो. तो करायला तळणीसमोर उभंही राहावं लागत नाही, आणि तो महिनोन् महिने टिकतो.

तिसरी पायरी: जीएसटी लागतो का, आणि लागला तर कोणता

फक्त मालाची विक्री असेल तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. सेवा देत असाल तर ही मर्यादा २० लाखांची. नव्या लोकांचे पाय इथे तीन ठिकाणी अडकतात.

फराळाबरोबर मुंजीच्या, बारशाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेता? केटरिंग ही सेवा धरली जाते. मग ४० लाखांचा आधार गेला, मर्यादा २० लाखांवर आली.

पापडावर जीएसटी शून्य आहे, म्हणून पापडाची विक्री मोजायची नाही असा समज असतो. नुसते पापडच विकत असाल तर खरंच कितीही विक्रीला नोंदणी लागत नाही. पण ३० लाखांचे पापड आणि १५ लाखांच्या चकल्या असतील तर उलाढाल ४५ लाख धरली जाते. ती एका पॅनवरची, देशभरातली सगळी मिळून मोजतात. दोन दुकानं वेगळ्या नावांनी चालवून उपयोग नसतो.

तिसरं, परराज्य. बेळगावच्या किंवा इंदूरच्या गिऱ्हाइकाला कुरियरने चकली पाठवली की मालाच्या बाबतीत पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, उलाढाल पाच लाख असली तरी. इन्स्टाग्रामवरून ऑर्डरी घेणाऱ्या मुलींना हे कोणी सांगतच नाही.

मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत अर्ज करायचा. नोंदणी करताना दोन वाटा असतात. कंपोझिशन योजना दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला मिळते. उत्पादक आणि व्यापारी यांना उलाढालीवर सरसकट १ टक्का कर, दर तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ हा फॉर्म भरायचा, वर्षाचं जीएसटीआर-४ हे रिटर्न ३० जूनपर्यंत. पण गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही, कर-बिल द्यायचं नाही, खरेदीवर दिलेला कर वळता करता येत नाही (म्हणजे भरायच्या करातून वजा होत नाही) आणि परराज्यात विक्री नाही. नेहमीच्या नोंदणीत बिलावर कर लावता येतो, खरेदीवर दिलेला कर वळता करता येतो, मात्र लिहिण्याचं काम वाढतं.

आकड्यांत बघू. गावातच, घरोघरच्या गिऱ्हाइकांना वर्षाला ६० लाखांची विक्री. कंपोझिशनमध्ये कर ६०,०००, आणि तेल-पाकिटांवर दिलेला समजा १ लाखाचा कर बुडाला. एकूण बोजा १.६ लाख. नेहमीच्या नोंदणीत चकली-शेव-चिवड्यावर ५ टक्के दर आहे (२२ सप्टेंबर २०२५ आधी पाकीटबंद नमकीनवर तो १२ होता). भाव न वाढवता त्याच ६० लाखांतून कर काढला तर तो सुमारे २.८६ लाख होतो. त्यातला १ लाख खरेदीवर आधीच दिलेला असतो म्हणून वळता होतो, पण खिशातून एकूण गेले २.८६ लाखच. म्हणजे घरगुती गिऱ्हाइकांसाठी कंपोझिशन बरी. तुमचा माल उचलणारे मोठे दुकानदार असतील तर उलट होतं. त्यांना तुमच्या बिलावरच्या कराचं क्रेडिट (तो कर वळता करण्याची सोय) हवं असतं, ते नसेल तर ते भाव पाडून मागतात. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं कंपोझिशन घ्यावी आणि परराज्यातली मागणी खरोखर आली की बाहेर पडावं. एकदा नोंदणी घेतली की विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं. ते विसरलात की दिवसागणिक दंड चढत जातो.

पुरवठादाराबद्दल एक. नेहमीच्या नोंदणीत तुम्ही कर भरून माल घेतला, पण त्याने त्याचं रिटर्न भरलं नाही तर क्रेडिट तुमचं अडकतं. कच्च्या बिलावर दोन रुपये कमी लावणारा तेलवाला म्हणून स्वस्त पडतोच असं नाही.

चौथी पायरी: आयकर, आणि नफा दाखवण्याची भीती

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. बाजारात मात्र 'चव्वेचाळीस एडी' हेच नाव चालतं, म्हणून तेच वापरतो. ही छोट्या धंद्याची अंदाजित नफ्याची योजना. वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत असेल (रोखीने आलेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत), तर सविस्तर हिशेबवह्या आणि लेखापरीक्षण यांच्या भानगडीत न पडता, बँक किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरून कर भरता येतो. दलाली-कमिशनचा धंदा किंवा एजन्सी असेल तर ही सोय नाही. एलएलपीलाही (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीलाही) नाही.

विक्री ३० लाख, त्यात २४ लाख यूपीआयने आणि ६ लाख रोख. मग १.४४ लाख अधिक ०.४८ लाख, असा किमान १.९२ लाख नफा.

'किमान' हा शब्द सगळे गाळतात. खरा नफा ५ लाख असेल तर ५ लाख दाखवायचे असतात. त्यावर लगेच चेहरे पडतात, कर वाढेल म्हणून. पण कर वाढतो का ते बघा. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत दर शून्य, पुढचे टप्पे ५, १०, १५ टक्के असे चढत जातात, आणि वर्षाचं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलत मिळून नेहमीच्या उत्पन्नावरचा कर शून्य होतो. १.९२ लाख दाखवले तरी कर शून्य, ५ लाख दाखवले तरी शून्य. (पगारदारांना मिळणारी ७५,००० ची वजावट धंद्याला नाही, हे लक्षात असू द्या.) म्हणजे नफा लपवून एक रुपयाही वाचला नाही. आणि दोन वर्षांनी मशिनसाठी कर्ज मागायला गेलात की बँक हीच रिटर्नं उघडून वाचते. महिन्याला सोळा हजार कमावणाऱ्याला ती किती देणार?

योजनेत असाल तर आगाऊ कर, लागत असल्यास, एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरायचा. योजनेतून मध्येच बाहेर पडलात, म्हणजे एखाद्या वर्षी योजनेच्या किमान टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवलात, तर पुढची पाच वर्षं परत शिरता येत नाही. रिटर्नचा फॉर्म आयटीआर-४. मुदत चुकवू नका. उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर उशिराचा दंड ५,०००, खाली असेल तर १,०००.

महाराष्ट्रात व्यवसाय कर वेगळा. तो वर्षाला जास्तीत जास्त २,५०० असतो, ही मर्यादा घटनेतच घातलेली आहे. कामाला माणसं ठेवलीत तर त्यांचाही कापून भरायचा. महिना १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुष कामगाराचे महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. महिला कामगारांना २५,००० पगारापर्यंत माफी आहे, त्यामुळे फराळवाल्यांना सहसा हा त्रास होत नाही.

पाचवी पायरी: उधारी

छोटे उत्पादक खरे बुडतात ते इथे. दुकानदार दिवाळीचा माल उचलतो आणि पैसे संक्रांतीला देतो. मधल्या काळात तेलवाल्याला तुम्ही रोख मोजलेले असतात, म्हणजे तुमच्या भांडवलावर तो धंदा करतो.

उद्यम नोंदणीचा उपयोग कर्जापुरता नाही. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, वेळेत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही. मार्च महिना जवळ आला की मोठ्या दुकानांच्या हिशेबनिसांचे "तुमचा उद्यम क्रमांक पाठवा" असे फोन येतात, ते याचमुळे. नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, स्वतः बनवणाऱ्याला आहे.

पैसे अडकले तर सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. पण वीस हजारांसाठी कायमचं गिऱ्हाईक कोण तोडणार, हेही मला कळतं. म्हणून तक्रारीआधीचं काम नीट करा. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि 'रक्कम १५ दिवसांत देय' हे छापा. पोच घ्या, व्हॉट्सअॅपवरचं 'माल मिळाला' सुद्धा चालेल. नव्या दुकानदाराला पहिले तीन वेळा रोखीवरच माल द्या. जुनी उधारी चुकती झाल्याशिवाय दिवाळीची ऑर्डर घ्यायची नाही. ऑक्टोबरात गरज त्याला असते, डिसेंबरात तुम्हाला.

सहावी पायरी: वाढ, मशिन आणि कर्ज

छोट्या धंद्यांना कर्ज देणारी सरकारची मुद्रा योजना एप्रिल २०१५ पासून आहे. तारण लागत नाही. शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत 'तरुण प्लस'. अर्ज तुमचं खातं असलेल्या बँकेतच आधी करा. वेगळ्या खात्यातली वर्षभराची ये-जा, रिटर्न आणि रोजमेळ असेल तर शाखाधिकाऱ्याशी बोलणं सोपं होतं. पहिल्या पायरीवर केलेली कटकट इथे कामी येते. जिल्हा उद्योग केंद्रातही एक चक्कर मारा, अनुदानाच्या योजना तिथे कळतात. पण अनुदान मिळतंय म्हणून मशिन घेऊ नका.

मशिन घ्यायचं की नाही, हे परत किलोच्या हिशेबावर ठरतं. चकलीच्या मशिनसाठी ३ लाख, १२ टक्के व्याजाने, तीन वर्षांत फेड. हप्ता महिन्याला साधारण ९,९६५ रुपये. किलोमागे २६ सुटतात, तर नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला सुमारे ३८३ किलो जास्तीची चकली खपायला हवी. मशिनमुळे मजुरी ६० वरून ३५ वर आली, तर किलोमागे ५१ सुटतील आणि गरज १९६ किलोंवर येईल. आज महिन्याला दीडशे किलो खपत असतील आणि दुकानं वाढायची खात्री नसेल, तर मशिन आत्ता नको. आणखी एका मावशींना बोलवा, आणि मेतकुटाची पाकिटं वाढवा.

खेळत्या भांडवलासाठी मात्र मी कर्जाला नाही म्हणत नाही. सप्टेंबरात डाळ-तेल घाऊक घेऊन ठेवायला ओव्हरड्राफ्टची सोय असली की ऐन दिवाळीत चढ्या भावाने घ्यावं लागत नाही. व्याज वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतंच लागतं.

सीए किंवा कर सल्लागाराकडे पहिल्यांदा जाल तेव्हा सोबत न्या: पॅन, आधार, उद्यम प्रमाणपत्र, धंद्याच्या खात्याचं मागच्या १ एप्रिलपासूनचं स्टेटमेंट, रोजमेळाची वही, जागेचं वीजबिल किंवा भाडेकरार, आणि एका कागदावर तुमच्या तीन मुख्य पदार्थांचा किलोचा हिशेब. फी आधी विचारा, वर्षाची ठरवा आणि त्यात कोणती रिटर्नं आली ते लिहून घ्या. जीएसटी आणि आयकर, दोन्ही पोर्टलचे पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा, आणि नोंदणीत मोबाइल नंबर तुमचाच घालायला सांगा. नोटीस आली की ती आधी तुम्हाला दिसली पाहिजे.